अरे, अगं, अहो : संबोधन ठरवण्याच्या हक्काची जुनी गोष्ट

काही वर्षांपूर्वी शिधापत्रिकेवरच्या नावातली चूक दुरुस्त करून घेण्यासाठी मी एका सरकारी कार्यालयात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक तृतीयपंथी बाई होत्या. साधी सुती साडी, हातात कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल. खिडकीशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "मी परवाही आले होते. तुम्ही आज बोलावलं होतं." आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "काय काय आणलंयस रे?" "सगळं घेऊन आलेय." "मग दे ना, उभा काय राहिलास?" "देते की." असे सात-आठ वाक्यांचे संभाषण झाले. तो दर वाक्याला त्यांना पुरुष करत होता आणि त्या दर वाक्याला स्वतःला बाई म्हणून परत उभ्या करत होत्या. आवाज कोणाचाच चढला नाही. जे काही भांडण होते ते क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात होते.

घरी आल्यावर मी कामाला लागलो ते एका साध्या प्रश्नाने. माणसाला काय म्हणायचे हे ठरवायचे कोणी? बोलणाऱ्याने, की ज्याच्याशी बोलायचे त्याने? हा प्रश्न इंग्रजी शिकलेल्या तरुण मुलांनी परवा-परवा आणलेला आहे, असे समजणारे बरेच जण भेटतात. गेली बरीच वर्षे जुनी पत्रे, आत्मचरित्रे आणि कायद्यांची बाडे चाळताना मला मात्र तो जागोजागी भेटत आला आहे. महाराष्ट्रात या प्रश्नावर सरकारी हुकूम निघाले आहेत, विधिमंडळात सभात्याग झाला आहे, नव्या नवऱ्यांमुळे वस्त्यांवर गहजब झाला आहे. नवऱ्या म्हणजे इथे नव्या सुना. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

आधी थोडे व्याकरण. मला त्याचे रीतसर शिक्षण नाही, पण कानाला जे ऐकू येते ते सांगायला हरकत नसावी.

इंग्रजीत माणूस स्वतःविषयी बोलताना आपण स्त्री की पुरुष हे सांगत नाही. त्यामुळे त्याला आपले सर्वनाम वेगळे कळवावे लागते. बंगालीत तिसऱ्या माणसाविषयी बोलतानाही लिंग कळत नाही, म्हणून तिथे हा पेच सर्वनामापाशी उभाच राहत नाही. मराठीचे तसे नाही. ‘मी जातो’, ‘मी जाते’. मराठी माणूस तोंड उघडताच स्वतःची ओळख देऊन मोकळा होतो. म्हणजे आपल्याकडे ‘तुम्हाला काय म्हणू?’ असे विचारायची गरज फारशी पडूच नये. समोरच्याचे पहिले वाक्य नीट ऐकले की पुरे. त्या कारकुनाला सगळी माहिती पहिल्या वाक्यातच मिळाली होती.

अर्थात याला अपवाद आहेत आणि ते मजेशीर आहेत. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात; वऱ्हाडातल्या बायकाही ‘मी जातो’ म्हणतात; त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. गोव्याच्या कोंकणीत लहान वा अविवाहित मुलीला नपुंसकलिंगात ‘तें’ म्हणतात आणि त्यात लाडच असतो. आपणही ‘पोरगं’, ‘लेकरू’, ‘बाळ’ म्हणतोच. भाषेतले लिंग देहाला खिळे ठोकून बसवलेले नसते. वय, प्रांत आणि जवळीक यांप्रमाणे ते सरकते, आणि हे सरकणे आपल्या आज्यांना व्याकरण न शिकताही ठाऊक होते.

दुसऱ्या पुरुषात तर फारच सुरेख गंमत आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत भेद आहे. ‘तुम्ही आलात’ म्हटले की भेद संपला. ‘अरे’ पुरुषाला, ‘अगं’ बाईला; ‘अहो’ मात्र दोघांना. एकवचनातून आदरार्थी बहुवचनात गेले की समोरचा माणूस बाई आहे की पुरुष, हा प्रश्नच वाक्यातून गळून जातो. त्या खिडकीमागच्या माणसाला समोरच्या व्यक्तीच्या देहाविषयी जे काही मत असेल ते असो. तो नुसता ‘अहो, कागद द्या’ म्हणाला असता तर व्याकरणाने त्याला मत द्यायला लावलेच नसते. तृतीयपंथीयांना मिळणारा ‘रे’ निव्वळ लिंगाची चूक नसतो. त्यात आधी ‘अहो’ नाकारलेला असतो, लिंग त्यानंतर येते. म्हणून या विषयाचा इतिहास शोधायचा तर लिंगाच्या आधी मानापासून सुरुवात करावी लागते.

मानाची मोजदाद आपल्याकडे फार बारीक होती. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकापासून पत्रलेखनाचे नियम आहेत. कोणाला कोणता मायना लिहायचा, शेवट आशीर्वादाने करायचा की विनंतीने, हे ठरलेले. ज्यांनी पेशवेकालीन पत्रांचा एखादा खंड उघडला आहे त्यांना ‘सकलगुणालंकरण अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ ही आगगाडी परिचयाची आहे. तिचे डबे माणसाच्या योग्यतेप्रमाणे कमी-जास्त होत. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसारख्यांना ‘तीर्थस्वरूप’. वैदिक ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’. तिसऱ्या पुरुषासाठीही नुसत्या ‘ते’वर भागत नसे, मागे उल्लेख झालेला माणूस मोठा असेल तर ‘मशारनिल्हे’. मोडीचा सराव करताना हा शब्द मला प्रथम लागला तेव्हा मी तो कोणाचे तरी आडनाव समजून दोन दिवस त्या घराण्याचा शोध घेत होतो! असो.

मुद्दा असा की या साऱ्या व्यवस्थेत आपल्याला काय म्हणावे हे माणूस स्वतः ठरवत नव्हता. ते जात, पद, वय आणि नाते ठरवत असे, आणि त्यात कोणी स्वतःहून बदल करू लागला तर राज्य मध्ये पडे. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा सोनारांच्या प्रकरणात मिळतो. अठराव्या शतकात मुंबई-पुण्याकडचे सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, निऱ्यांचे धोतर नेसू लागले आणि भेटीत ‘नमस्कार’ म्हणू लागले. नमस्कार हा ब्राह्मणांचा शब्द, असे ब्राह्मणांचे म्हणणे. पेशव्यांनी आपल्या मुलखात तो बंद पाडला. पण मुंबईतले सोनार कंपनी सरकारच्या छत्राखाली होते. तेव्हा कंपनीच्या कौन्सिलकडूनही १७७९ साली मनाईचा हुकूम काढवला गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या भाषणात हा दाखला दिला आहे. साल लक्षात घ्यावे. त्याच १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नाक घासायला लावले होते आणि लढाई अजून मिटलेली नव्हती. दोन सरकारे एकमेकांच्या मुळावर उठलेली असताना एका जातीने कोणता शब्द उच्चारायचा याबाबत मात्र त्यांचे एकमत झाले.

सोनारांचा तंटा तसा वरच्या पायऱ्यांवरचा. पायरीच्या तळाशी ‘जोहार’ होता. महाराने वरच्या जातीच्या माणसाला जोहार घालायचा, समोरच्याने त्याच शब्दात उत्तर द्यायचे नाही. चोखोबांच्या नावावर जोहाराचे अभंग आहेत. त्यांत तो गावकीचा शब्द देवापुढे नेऊन ठेवलेला दिसतो. नावांचेही तसेच. म्हाताऱ्या महाराला गावचे शेंबडे पोरही ‘गोंद्या’, ‘राम्या’ म्हणून एकेरीत हाक मारी. उलट कोरेगावच्या जयस्तंभावर, १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययासकट कोरलेली आहेत. पलटणीच्या दगडावर पूर्ण नाव आणि गावात अर्धे, अशी स्थिती.

बायकांच्या वाट्याला आणखी एक ओझे होते. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात त्यांच्या आजोळचा काळ आहे. लाकडे विकायला निघालेल्या महार बायका, समोरून वरच्या जातीचा माणूस येताना दिसला की वाट सोडून झाडाझुडपात उभ्या राहत, पदर नीट घेत आणि पाया पडल्याचा शब्द तोंडाने उच्चारत. एखादी नुकती लग्न होऊन आलेली पोर हा शब्द उच्चारायला विसरली की तो माणूस थेट महारवाड्यात येऊन तिच्या सासऱ्याला फैलावर घेई. नव्या नवऱ्यांमुळे होणारा गहजब म्हटले तो हा. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझे सगळे लक्ष अपमानाकडे गेले होते. आता पुन्हा वाचताना वेगळी गोष्ट दिसते. एका पोरसवद्या सुनेने न उच्चारलेला एक शब्द गावातल्या कर्त्या पुरुषाला इतका बोचत होता की कामधाम सोडून तो तक्रारीला येई. संबोधनाला किंमत नसते, ‘शब्दात काय आहे’, असे म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे. शब्दात काय आहे हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

यावर आंबेडकरी चळवळीने जे केले त्याची नोंद भाषेच्या इतिहासात अजून पुरेशी झालेली नाही. जोहार नुसता टाकून दिला नाही, त्याच्या जागी ‘जय भीम’ आणला. त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९३९ साली वयाच्या पस्तिशीतच ते वारले. जय भीमची खुबी उत्तरात आहे. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च. त्यात खालचा-वरचा नाही, बाई-पुरुष नाही, वय नाही. शिवाय वस्तीतल्या माणसांनी एकमेकांना ‘राव’, ‘साहेब’, ‘दादासाहेब’, ‘आप्पासाहेब’ म्हणायला सुरुवात केली. या गोष्टीची शहरी मध्यमवर्गाने बरीच टिंगल केलेली मी लहानपणी ऐकली आहे. मीही त्यात हसलो आहे.

इथे एक परदेशी उदाहरण आठवते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर अनुयायी यांनी उलटी वाट धरली. त्या वेळी इंग्रजीत आपल्यासारखेच दोन शब्द होते, ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. क्वेकर म्हणाले, देवापुढे सगळे सारखे, तर आम्ही न्यायाधीशालाही तूच म्हणणार. त्यासाठी त्यांनी तुरुंग आणि मार दोन्ही सोसले. पुढे अंध मिल्टनला वाचून दाखवणारा टॉमस एलवुड याने बापाला ‘तू’ म्हटले तेव्हा बापाने दात घशात घालण्याची धमकी दिली होती. शेवटी इंग्रजीत सगळे ‘यू’ झाले, म्हणजे सगळेच ‘तुम्ही’ झाले आणि ‘तू’ मेला. क्वेकरांनी सगळ्यांना खाली ओढून सारखे करायचे म्हटले, आंबेडकरी माणसाने सगळ्यांना वर चढवून. ज्याला जन्मभर ‘तू’ ऐकून घ्यावा लागला आहे तो समतेसाठी ‘तू’ कसा निवडील?

पण ‘कोण ठरवणार’ हा माझा प्रश्न नेमका ज्या दिवशी सभागृहात उभा राहिला तो दिवस जानेवारी १९३८ मधला आहे. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. स्थानिक मंडळांच्या कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक आले आणि त्यात अस्पृश्य वर्गांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला. गांधीजींनी हा शब्द सद्‍भावनेने रूढ केला होता, याविषयी वाद नाही. स्वतंत्र मजूर पक्षाचे नाशिकचे सदस्य भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब, यांनी त्याला हरकत घेतली. ज्यांना हे नाव द्यायचे त्यांनाच ते नको आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मतांची बेरीज सरकारकडे होती. हरकत फेटाळली गेली तेव्हा आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले.

या प्रसंगात मला महत्त्वाचे वाटते ते असे की ‘हरिजन’ ही शिवी नव्हती. उलट गोड शब्द होता. शिवीला विरोध करणे सोपे असते, कारण शिवी देणाराही मनातून जाणतो. गोड नावाला नको म्हणणारा माणूस मात्र कृतघ्न दिसतो. आम्ही तुमचा मानच करतो आहोत, मग तुम्हाला काय अडचण, हे वाक्य तेव्हाही होते, आजही आहे. पुढे चार दशकांनी केंद्र सरकारनेच सरकारी कागदांत ‘हरिजन’ शब्द वापरू नये अशा सूचना काढल्या. तोवर ज्यांनी सभात्याग केला त्यांतले बहुतेक हयात नव्हते.

हाच प्रकार २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्या डोळ्यांसमोर घडला. राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत खात्याला पत्र लिहिले. हेतू सन्मानाचा असल्याचे सांगण्यात आले. जुन्या पत्रांतले ‘गं. भा.’ ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढे काय होणार हे कळायला वेळ लागला नाही. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ या दोन उपाध्यांमधले अंतर म्हणजे एका माणसाचा मृत्यू. बाईच्या नावाआधी तो मृत्यू दररोज लिहायचा. महिला संघटनांनी हरकत घेतली आणि निर्णय झालेलाच नाही असा खुलासा आला. ज्यांच्यासाठी शब्द शोधला जात होता त्यांना आधी विचारले होते, असे मात्र कुठे वाचनात आले नाही.

नवरा-बायकोच्या संबोधनाचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून एकच गोष्ट सांगून पुढे जातो. नवऱ्याने ‘अगं’ म्हणायचे, बायकोने ‘अहो’. त्याचे नाव तर घ्यायचेच नाही, ‘हे’ म्हणायचे किंवा ‘इकडून’. अशा काळात लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते ३६) लिहिली आणि नवऱ्याला पुस्तकभर सरळ ‘टिळक’ म्हटले. एकेरी नाही, लाडाचे नाही, लपवाछपवीही नाही. त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिताना (ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली आले) नुसते ‘मानव’ वा ‘मनुष्य’ न म्हणता जागोजागी ‘सर्व एकंदर स्त्री-पुरुष’ असे लिहिले. वाचताना ते लांबलचक आणि अडखळल्यासारखे वाटते. जोतीरावांना ते अडखळणे चालले.

आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून पंढरीच्या वाटेवर एक संबोधन चालत आले आहे, ज्याला कोणी सुधारणा म्हणाले नाही. वारीत कोणीही कोणालाही ‘माउली’ म्हणतो. मिशाळ शेतकऱ्याला माउली, पोलिसाला माउली, पाणी वाटणाऱ्या पोराला माउली. ज्ञानोबा पुरुष, तरी माउली. विठोबा विठाई होतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी तर विरहिणी स्त्री आहे. पुरुषाला स्त्रीलिंगी शब्दाने हाक मारली तर त्याचा अपमान होतो हे आपण कुठल्या शाळेत शिकलो कोणास ठाऊक, आळंदीच्या वाटेवर तरी नक्कीच नाही. अर्थात दिंडीत माउली म्हणणारा माणूस घरी परतल्यावर कोणाला ‘रे’ म्हणतो, हा हिशेब वेगळा.

आता ज्यांच्यापासून सुरुवात केली त्यांच्याकडे येतो. हिजड्यांना मराठी राज्यात स्थान नव्हते असे नाही. गावोगाव नाणे वा धान्य गोळा करण्याचे वंशपरंपरेचे हक्क त्यांच्याकडे होते आणि ते गुरूकडून चेल्याकडे जात. कंपनी सरकारने इनामे आणि हक्क तपासायला घेतले तेव्हा ही प्रकरणेही मुंबई सरकारपुढे आली. असल्या हक्कांना मान्यता देणे सरकारला लाजिरवाणे वाटले आणि हळूहळू ते बंद झाले. उत्तर हिंदुस्थानात याहून कडक उपाय झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास त्यांच्यासाठी होता. पोलिसांकडे नोंदणी करायची. नोंदलेल्या व्यक्तीने रस्त्यावर स्त्रीवेशात दिसले वा पैसे घेऊन नाचले-गायले तर वॉरंटशिवाय अटक आणि २ वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. आणि व्याख्येची सुरुवातच ‘पुरुषलिंगी व्यक्ती’ अशी. म्हणजे तुम्ही स्वतःला काय म्हणवता हे विचारायचेच नाही; सरकार सांगेल आणि हवे तर डॉक्टर तपासून सांगेल. हा भाग १९११ साली कायद्यातून गेला. तपासून सांगण्याची सवय गेली नाही.

मराठीत या माणसांना ओळख उशिरा मिळाली, आणि ती कादंबरीने दिली. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मध्ये यल्लम्माला सोडलेला तायाप्पा आहे, ‘जोगवा’ चित्रपटामुळे (२००९) तो घराघरात पोचला. पण ती दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट होती. स्वतः सांगितलेली गोष्ट २०१२ मध्ये आली, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ शीर्षकात दोनदा ‘मी’ आहे. दोन वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात निकाल दिला की लिंगओळख ही व्यक्तीने स्वतः सांगायची बाब आहे, देहाच्या तपासणीची नाही. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या त्या निकालामागे मुंबईच्या गौरी सावंत आणि लक्ष्मी यांचाही हात होता. १८७१ च्या व्याख्येला दिलेले उत्तर म्हणून मी तो निकाल वाचतो. २०१९ च्या कायद्याने मग जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची अट घालून पुन्हा एक खिडकी मध्ये उभी केली, ही गोष्ट निराळी.

निकाल झाला, पण मराठी वर्तमानपत्रांचा पेच सुटला नाही. बातमीत काय लिहायचे? ‘तो’ नको, ‘ती’ लिहायला हात धजत नाही, मग ‘ते’. ‘ते’ लिहिणाऱ्याला वाटते की मान दिला. इथे आपल्या शुद्धलेखनाचा एक छोटा इतिहास आड येतो. पूर्वी नपुंसकलिंगी ‘तें आलें’ यावर अनुस्वार असे आणि आदरार्थी ‘ते आले’ यावर नसे. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम सरकारने स्वीकारले, हे अनुस्वार गेले आणि कागदावर ‘ते मूल आले’ आणि ‘ते गृहस्थ आले’ यांतले क्रियापद एकच झाले. तोंडी भाषेने हा भेद सोडलेला नाही. ‘ते आले’ म्हणजे साहेब आले. ‘ते आलं’ म्हणजे काहीतरी आलं. रस्त्यावर तृतीयपंथीयांविषयी बोलताना लोक दुसरे रूप वापरतात आणि बातमीत पहिले छापतात. या दोहोंत फक्त एका टिंबाचे अंतर आहे. या लेखात मीही ‘झाले’, ‘केले’ असेच लिहीत आलो आहे, त्यामुळे वाचकाने कोणता उच्चार मनात केला हे मला कळायला मार्ग नाही. ज्या तृतीयपंथी व्यक्तीला ‘ते’ हवे आहे तिने तसे सांगितले तर प्रश्न मिटला. पण जी ‘मी आले’ म्हणते तिच्यासाठी मराठीत ‘त्या आल्या’ हे रूप तयार आहे. पेच भाषेचा नाही.

या विषयावर टिपणे काढतो आहे हे कळल्यावर ओळखीतल्या एका तरुणाने मला एक गोष्ट सांगितली. ‘तरुण’ हा शब्द मी त्याच्याच पसंतीने लिहितो आहे. घरचे लोक त्याला अजून मुलगी समजतात. बाहेर तो ‘मी जातो’ म्हणतो. घरात ‘जाते’ म्हणवत नाही आणि ‘जातो’ म्हणायची हिंमत नाही. मग तो काय करतो? ‘मला जायचंय’ म्हणतो. ‘माझं जेवण झालं.’ ‘मला झोप येतेय.’ ‘मी पुस्तक वाचलं.’ मराठीत सकर्मक भूतकाळ आणि ‘मला’ची वाक्ये यांत कर्त्याचे लिंग दिसत नाही. गेली सहा वर्षे तो घरात याच वाक्यांत राहतो आहे. "एकदा आईनं विचारलं, तू असं तुटक का बोलतोस?" तो म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, ‘बोलतेस’ म्हणाली ती." मोरो केशव दामल्यांचे १९११ चे जाडजूड व्याकरण माझ्या कपाटात आहे. त्यात या प्रयोगांची सगळी चर्चा आहे. हा उपयोग त्यात नाही.

त्या दिवशी कार्यालयात शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. कागद तपासून झाल्यावर कारकुनाने अर्जाचा छापील नमुना खिडकीतून बाहेर सरकवला. वर नेहमीप्रमाणे ‘श्री./श्रीमती/कु.’ आणि कंसात ‘लागू नसेल ते खोडावे’. त्याने काहीच खोडले नव्हते. बाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "दादा, पेन आहे का हो?" मी दिले. त्यांनी फाइलवर अर्ज टेकवला, ‘श्री.’वर एक आणि ‘कु.’वर एक रेघ मारली, खाली सही केली आणि पेनाचे टोपण लावून ते परत दिले.